तेवीस सेकंद

किल्ली अर्धी फिरून अडकली – नेहमीच्याच जागी, जिथे ती थोडी वर उचलून मग फिरवावी लागते, आणि उचलताना कुलपाच्या पोटातून जो टक्क आवाज येतो तो दिवसा कुणाच्या कानावरही पडत नाही. पण आत्ता, पहाटे पाचला, दाराबाहेर वाकून उभ्या असलेल्या तिला वाटलं, हा आवाज थेट ताईच्या उशीत जाऊन वाजणार… तिनं श्वास धरला. आतून खोकला आला. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळ्या केलेल्या बाईची झोप ती. टाचणी पडली तरी 'हॅलो' म्हणत उठायची.

"निघालीस का गं?"

"हो. तू झोप."

"रविवारी कसलं मेलं काम!"

"सांगितलं ना काल, कवळी द्यायचीय उद्या सकाळी. डॉक्टरांचा तीनदा फोन आला."

"बरं. जिना उतरताना कठडा धर."

"धरते."

आणि कठड्याला बोटही न लावता ती तीन मजले उतरली. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, भाड्याची पावती माझ्या नावाची, आणि स्वतःच्या घरातून चोरासारखी बाहेर पडते… हे वाक्य तिच्या मनात रोज याच वळणावर, दुसऱ्या मजल्याच्या मीटरपेटीपाशी यायचं, आणि रोज त्याच्या पाठोपाठ दुसरं यायचं – की ज्या बाईपासून चोरून चाललीय तिनं तुला चमच्यानं पाणी पाजलंय. पहिल्या वाक्याचा राग दुसऱ्यानं विझायला हवा होता. विझत नव्हता. उलट दोन्ही वाक्यं एकमेकांना घासून जास्तच तापायची, आणि रस्त्यावर येईपर्यंत तिची पावलं झपझप पडायला लागलेली असायची.

पिशवीत वर लॅबचा पांढरा झगा होता, त्याखाली बूट, आणि बुटात गुंडाळून ठेवलेला कागदी नंबर. सहाशे चौदा. नंबर घेताना एक फॉर्म भरावा लागला होता. नाव, वय, रक्तगट, आणि सगळ्यात खाली एक चौकट: 'आपली काही प्रेरणादायी कहाणी असल्यास थोडक्यात लिहा.' चौकट चांगली चार बोटं रुंद होती. तिनं त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवी रेघ मारली होती, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली.

कारण कहाणी नव्हतीच. इच्छा होती, आणि ती आजाराच्या कितीतरी आधीची होती. छत्तिसाव्या वर्षी, बस चुकते म्हणून रोज थांब्यापर्यंत पळता पळता, एक दिवस बस समोरून निघून गेली तरी ती पळतच राहिली – तिथून सुरू झालेली. पहिल्या शर्यतीत दहा किलोमीटरला एक तास चौदा मिनिटं. मग एक तास नऊ. पाच. दोन. जगाच्या दृष्टीनं यात काही नाही. बरे धावणारे तेवढ्यात पोचून, अंग पुसून, चहा पिऊन मोकळे होतात. पण एक तासाच्या आत, एवढंच तिचं मागणं होतं, आणि सात वर्षं ते मागून झाल्यावर ती पोचली होती एक तास तेवीस सेकंदांवर. तेवीस सेकंद. बुटाची नाडी बांधायला लागतात तेवढे. पुढची शर्यत तीन महिन्यांनी होती, तयारी अशी झाली होती की आरशासमोरून जाताना स्वतःच्या पोटऱ्या बघून ती थांबायची – आणि शर्यतीला तीन आठवडे असताना पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. तिला वाटलं, नवे बूट घट्ट होतायत.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना गुडघ्यांनी साथ सोडली. तिसऱ्या दिवशी, लॅबमध्ये, गुलाबी मेणात दात बसवता बसवता तापवलेली सुरी हातातून गळून पडली. उचलायला वाकली ती खालीच बसली. पाचव्या दिवशी श्वास घेणंही यंत्राकडे गेलं. शरीराच्या स्वतःच्याच पहारेकऱ्यांनी मज्जातंतूंवर हल्ला केलाय, असं मेंदूचे डॉक्टर ताईला समजावत होते. आणि तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, फक्त पापण्यांखेरीज काहीच हलत नव्हतं.

बस आली. मागच्या सीटवर बसून तिनं चपला काढून बूट चढवले, डाव्या घोट्याला पट्टा आवळला. बसमध्ये आणखी दोघंतिघं तसलेच होते, छातीवर नंबर लावलेले, गुडघे हलवत बसलेले. त्यांच्यापैकी कुणीही तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. किती बरं वाटलं…

मैदानाच्या फाटकापाशी मीटर उभे होते. वीज खात्यात चाळीस वर्षं घरोघर मीटर वाचले म्हणून मीटर, आणि शिवाय धावायचेही तसेच – प्रत्येक किलोमीटर सहा मिनिटांना किंचित कमी, ना पुढे ना मागे. वय सदुसष्ट. त्यांची तिची ओळख झाली ती त्यांच्या दातांवरून. दीड वर्षापूर्वी, तलावाभोवती ती चालत होती, हे समोरून आले आणि कुणाला तरी बघून हसले, आणि तिला वरच्या ओळीतला, सुळ्याच्या शेजारचा दात दिसला, जरासा तिरका. तो तिनंच बसवला होता. सगळे दात ओळीनं बसवले तर कवळी कवळीच दिसते, म्हणून प्रत्येक कवळीत ती एक दात मुद्दाम किंचित फिरवते. मालक म्हणतात, ही तुमची सही. आजारपणानंतर मालकांनी तिला वर्षभर नुसते प्लास्टरचे साचे ओतायला बसवलं होतं – "बसून करा, सावकाश करा, घाई नाही" – शिकाऊ पोरींचं काम. ही कवळी त्यानंतरची, हात परत आल्यावरची पहिली. भर रस्त्यात तिनं अनोळखी माणसाला म्हटलं होतं, "जरा पुन्हा हसता का?"

आता मीटरांनी ती कवळी काढून एका छोट्या डबीत ठेवली आणि डबी कमरेच्या पट्ट्यात खोचली.

"सांभाळा," ती म्हणाली. "हरवलीत तर दुसरी करून देणार नाही."

"म्हणून तर काढली," मीटर बोळक्या तोंडानं म्हणाले. "मागे एकदा धावताना शिंकलो, नदीतच जायची. काय विचार आज?"

"तासाच्या आत."

"सर्दीबिर्दी नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर."

त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं. "मध्ये जरा बरं नव्हतं," एवढंच तिनं एकदा सांगितलं होतं, आणि एक्केचाळीस दिवसांचं यंत्र, गळ्यातलं भोक, चाकांची खुर्ची, कुबड्या हे सगळं त्या 'जरा'मध्ये बसलं होतं, ऐसपैस.

साडेसहाला शिट्टी झाली.

पहिला किलोमीटर तिला कधीच आठवत नाही. बेकरीचा रस्ता, भट्टीची ऊब एका गालावर, मीटरांची पाठ, पाठीवर घामाचा पहिला ठिपका. सहा मिनिटं. मग उड्डाणपुलाचा चढ, उतार, नदीकाठ. ती त्यांच्या तीन पावलं मागे होती आणि श्वास ठीक होता, आत दोन पावलं, बाहेर दोन पावलं, आणि तिला ते यंत्र आठवलं, जे तिच्याऐवजी श्वास घेताना उसासा टाकल्यासारखं करायचं, जणू त्यालाच कंटाळा आलाय… ताई उशाशी बसायची. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पेशंट पापण्यांनी बोलू शकतो, आणि ताईनं लगेच नोकरीतला आवाज काढला होता, तो नाकातला, दूरच्या गावाला जोडून देणारा: "क-ची ओळ? च-ची? ट-ची?" ओळ बरोबर असली की पापणी एकदा मिटायची. मग ओळीतलं अक्षर. "क? ख? ग? घ?" मिटली. घ.

"घर?" ताईचा आवाज फुटला होता. "घरी जायचंय होय गं? जायचं हं, बारके, जायचं…" आणि ती रडायला लागली, आणि पलंगावर पडलेली ती पापण्या दोनदा मिटत होती, दोनदा, दोनदा, नाही, नाही गं बाई, घर नाही, पुढचं विचार – आणि ताई डोळे पुसत असल्यामुळे तिला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून. घ. ट-ची ओळ. ड. तिथे मात्र ताईची ट्यूब पेटली. "घड्याळ?"

एकदा मिटली.

भिंतीवरचं घड्याळ डोक्याच्या मागे होतं. ताईनं वॉर्डभर भांडून ते समोर लावून घेतलं. सगळ्यांना वाटलं, बिचारीला दिवस-रात्र कळत नाही म्हणून. पण तिला धावायचं होतं. दुपारी, भेटायला येणारे गेले की ती सेकंदकाट्यावर नजर ठेवून मैदानाच्या फाटकातून निघायची, बेकरी, पूल, नदी, पाणीपुरवठ्याची टाकी, तिथून वळसा, आणि परत. एकही वळण न गाळता, एकही चढ सोपा न करता. आणि एक्केचाळीस दिवसांत एकदाही, एकदाही ती तासाच्या आत पोचली नाही. कुणी अडवलं होतं? डोक्यातली तर शर्यत. चाळीस मिनिटांत पोचता आलं असतं, उडत जाता आलं असतं. पण शेवटच्या वळणावर मान वर करून घड्याळ बघावं तर काटा साठाच्या पुढे सरकलेला. मी फुकट घेणार नव्हते. एवढं एकच माझ्या हातात उरलं होतं तेव्हा, की फुकट घ्यायचं नाही.

पाच किलोमीटर. टाकीपाशी लाल शंकूला वळसा घालताना मनगटावर एकोणतीस अठ्ठावन्न. दोन सेकंद हातात.

सहाव्यानंतर पाय वाजायला लागला.

तिला माहीत होतं, तो वाजणारच. डाव्या पायाचा चवडा दमला की वर उचलला जात नाही, आणि मग टाच टेकायच्या आत अख्खं पाऊल रस्त्यावर आपटतं, ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसं. फट. उजवा पाय गप्प, डावा – फट. बरोबरचे लोक वळून बघायला लागले. मीटरांनीही मान वळवली, आणि त्यांचा वेग, जो सदुसष्टाव्या वर्षीही सेकंदानं ढळत नव्हता, तो तिच्यासाठी ढळला. ते तिच्या बाजूला आले. दात नसलेल्या तोंडानं काहीतरी म्हणाले, "काय झालं" असावं.

"माझ्यासाठी थांबू नका!"

तिला स्वतःलाच आवाज ओळखू आला नाही. इतका मोठा आवाज गळ्यातल्या त्या भोकानंतर आपल्याकडे उरलाय हेच तिला ठाऊक नव्हतं. "पुढे व्हा! जा म्हणते ना!"

मीटर क्षणभर बघत राहिले आणि गेले. रागावून नव्हे, एखाद्यानं पत्ता सांगावा आणि आपण त्या दिशेनं निघावं, तसे. आणि त्यांची पाठ लहान होऊ लागली तशी तिला लाज वाटायला हवी होती, पण तिला फक्त एवढंच जाणवलं की गेल्या चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला मागे टाकून पुढे गेलंय. लिफ्टचं दार तिच्यासाठी धरून ठेवलेले हात, 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' म्हणणाऱ्या रांगा, जिन्यात तिच्या पावलांशी पाऊल जुळवून चालणारे शेजारी… सगळं जग तिच्यासाठी थांबून राहिलं होतं आणि थांबलेल्या जगात कुणाला पोचता येतं कुठे?

सातव्या किलोमीटरला बेचाळीस दहा. गेलं. दहा सेकंद मागे, आणि पूल अजून यायचाच होता.

पुलाच्या पायथ्याशी पाण्याचं टेबल होतं. कॉलेजातली एक मुलगी कागदी पेला पुढे करत, तिचा पाय बघून, अगदी मनापासून, गोड आवाजात म्हणाली, "चाललात तरी चालेल हं, काकू!"

चाललात तरी चालेल! तिनं पेला घेतला नाही. चालेल… कुणाला चालेल? तुला चालेल, तुझ्या आईला चालेल, व्यायाम शिकवणाऱ्या त्या बाईंना चालेल ज्या दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या राहून म्हणायच्या, "चालता आलं ना, आता आणखी काय हवं?" आणि दवाखान्याच्या त्या साहेबांना, ज्यांना तिला समारंभात बोलवून माइक द्यायचा होता, तुमच्यामुळे कितीजणांना बळ येईल म्हणून… सगळ्यांना चालत होतं. जिवंत आहे हेच पुष्कळ, असं सगळे म्हणायचे, आणि ती हसून मान डोलवायची, आणि आत तिच्या पोटात काहीतरी पाय आपटायचं: पुष्कळ नाही. मला पुष्कळ नाही. मला चालून चालणार नाही.

फट. फट. चढावर चवडा घासायला लागला. एकदा अडखळली, हात टेकायच्या बेतात सावरली. तिनं गुडघा मुद्दाम उंच उचलायला सुरुवात केली, घोड्यासारखा, म्हणजे चवडा उचलला नाही तरी पाऊल रस्त्याला लागणार नाही. दिसायला ते हास्यास्पद होतं, एका कुशीवर कलून, डावा गुडघा छातीपर्यंत आणणारी बाई, तोंड वेडंवाकडं – आणि कठड्यापाशी उभे असलेले दोघं खरंच हसले. हसा. पुलाच्या माथ्यावर आठवा किलोमीटर, अठ्ठेचाळीस वीस. वीस सेकंद.

आणि इथे, उताराच्या तोंडावर, तिला ते पलंगावरचं धावणं पुन्हा आठवलं, आणि भीती वाटली, शर्यत हरण्याची नव्हे; भीती अशी की त्या सगळ्या दुपारी जे झालं तेच आता होणार, शेवटच्या वळणावर मान वर करावी आणि काटा साठाच्या पुढे, कारण आपल्या आतच कुणीतरी बसलंय जे आपल्याला पोचू देत नाही. कोण ते? काय हवंय त्याला? पोचलीस तर… पोचलीस तर मग तू बरी. आणि तू बरी, तर ताई कशाला?

ताई पंधरा दिवसांसाठी आली होती. येताना दोन साड्या. चार वर्षं होत आली. तिच्या घरी, मुलाकडे, तिच्या खोलीत आता नातवाचं अभ्यासाचं टेबल आलंय, ताईचा पलंग गच्चीच्या खोलीत. हे ताईनं सांगितलं नव्हतं, सुनेच्या तोंडून फोनवर निसटलं होतं. ताईनं तिला फक्त एकदाच काही मागितलं होतं. कुबड्या सुटल्या त्या हिवाळ्यात ती जिन्याच्या व्हरांड्यात धावून बघायला गेली, पडली, हनुवटीला सहा टाके. तेव्हा ताई म्हणाली, पुन्हा धावणार नाहीस असं कबूल कर, आणि टाक्यांमुळे तोंड उघडत नव्हतं म्हणून तिनं पापणी एकदा मिटली होती. हो. म्हणजे आजार तिचा एकटीचा नव्हताच. त्या घरात तो दोघींना पोसत होता. एकीला काळजी घ्यायला कुणीतरी, आणि दुसरीला… दुसरीला काय? न पोचायला कारण.

नाही. ते मी देणार नाही. ताई, तुला काय द्यायचं ते देईन, घर अर्धं देईन, पण हे नाही.

ती उतारावर सुटली. सुटली म्हणजे खरंच सुटली, पुढे झुकून, पाय फटफट वाजवत, पडले तर पडले. नवव्याला चोपन्न बारा. बेकरी. फुप्फुसात काच. कुणीतरी "शाब्बास" म्हणालं, कुणीतरी बाजूला झालं. मैदानाचं फाटक, मातीचा ट्रॅक, अर्धा फेरा. आणि कमानीवरचं घड्याळ, लाल आकड्यांचं, एकोणसाठ एकतीस – ती मान वर करून बघत होती आणि आकडे बदलत होते आणि ती बघणं थांबवत नव्हती, एकोणसाठ चाळीस, पन्नास, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न –

एकोणसाठ चोपन्न.

पहिलं जे जाणवलं ती भूक. दुसरं, की डावा पाय थरथरतोय. रडू आलं नाही. कुणी धावत आलं नाही. एका कंटाळलेल्या माणसानं टोपलीतून पदक काढून तिच्या गळ्यात घातलं आणि पुढच्याकडे वळला. माइकवाला बक्षिसाच्या वेळा वाचत होता. हेच तर हवं होतं, नाही का? कुणाला माहीत नसलेलं, कुणाच्या टाळ्या नसलेलं, आजाराला एक सेकंदही श्रेय न देणारं एकोणसाठ चोपन्न. ती कडेच्या गवतावर बसली. अकरा वर्षं एक भाडेकरू आत राहत होता, तो आज सामान घेऊन गेला होता आणि खोलीत आवाज घुमत होता…

मीटर आले. आधी कवळी लावली, मग विचारलं, "किती?"

"चोपन्न. एकोणसाठ चोपन्न."

त्यांनी मान डोलवली, आकडा वहीत लिहून घ्यावा तशी. "मागे वळून बघितलं मी, पूल चढताना गुडघा फार उचलता. तिथं जातात सेकंद." मग जरा थांबून, "पुढल्या वर्षी अठ्ठावन्न."

त्यांच्याकडे बघता बघता तिला हसू आलं, आणि हसताना थोडं रडूही. मघाचं ओरडणं तिनं काढलं नाही, त्यांनीही नाही.

परतीच्या बसमध्ये तिनं झगा पिशवीतून काढला नाही. बूट बदलले नाहीत. नंबर छातीवर तसाच. कठड्याला एक हात धरून, कारण आता खरंच गरज होती, ती तीन मजले चढली, आणि किल्ली असून बेल वाजवली.

ताईनं दार उघडलं. पदक, नंबर, चिखल, बूट. बघायला तिला बराच वेळ लागला.

"हे काय?"

"धावून आले."

"कुठं?"

"दहा किलोमीटर. शर्यत होती."

"आणि कवळी?"

"कवळी शुक्रवारीच दिली."

ताई वळून स्वयंपाकघरात गेली, उगाच गॅस बंद आहे का बघितला, पुन्हा आली. "म्हणजे हे रोज सकाळी चालायला जाणं…"

"रोज नाही. आठवड्यातून चार दिवस. दीड वर्ष."

"आणि मी इथं पोळपाट-लाटणं घेऊन वाट बघत बसायचे, बारकी चालून येईल, दमून येईल." ताईचा आवाज चढला नाही, नाकात गेला. "तोंडातली लाळ पुसली मी तुझी. नळीत कफ अडकला की तुझे डोळे मोठे व्हायचे, मग मी धावायचे नर्सला बोलवायला. मी धावायचे, कळलं? तू नाही. गुडघे गेले माझे त्या दवाखान्याच्या जिन्यांत. एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे."

"हो."

"कबूल केलं होतंस."

"केलं होतं. मोडलं." तिला बसायचं होतं, पण ती उभी राहिली. "तू केलंस त्यातलं काही विसरले नाहीये मी. विसरता येत नाही, ताई, तोच तर त्रास आहे. पण तेवढ्यासाठी मी जन्मभर कठडा धरून चालू का?"

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते."

ताई खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी बादली सरकवत नेत होतं.

"किती वेळ लागला?"

"एकोणसाठ मिनिटं चोपन्न सेकंद."

"पूर्वी?"

"तास आणि तेवीस सेकंद."

ताईनं मनात वजाबाकी केली; ट्रंक कॉलची मिनिटं मोजण्यात तिचा जन्म गेला होता. "एकोणतीस सेकंद. अगं, एवढ्यात आम्ही नंबरसुद्धा जोडत नव्हतो."

"माहितीय."

"बरं. झालं ना मनासारखं? फिटली हौस. आता बंद."

"नाही. पुढच्या वर्षी अठ्ठावन्न."

म्हणून झाल्यावर तिला कळलं की ते आपण म्हणालो. ताई तिच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे, जिथे पदकाच्या फितीच्या वर ती जुनी खूण होती.

"मग मी इथं कशाला आहे?"

वर्षभर तिनं एक वाक्य घोकलं होतं, नदीकाठी, टाकीपाशी, परतीच्या वळणावर: ताई, मी बरी आहे, आता तू तुझ्या घरी जा. तालात बसायचं ते, दोन पावलं आत, दोन बाहेर. ते आत्ता जिभेवर आलं होतं, अगदी तयार, आणि तिला गच्चीच्या खोलीतला पलंग दिसत होता. पण म्हणून तिनं ते गिळलं असंही नाही. 'राहा ना गं' हे दुसरं वाक्य त्याच्या शेजारी येऊन उभं होतं आणि तेही तेवढंच खोटं होतं, तेवढंच खरं. ती समोरच्या खुर्चीवर बसली. पाय पुढे पसरला.

ताई उठली. गुडघे कटकन वाजले. जमिनीवर बसून तिनं डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, पट्टा, मोजा. दवाखान्यातून घरी आल्यापासून दर रविवारी ताई हे करायची: करंगळीपासून एकेक बोट चिमटीत धरायची, दाबायची आणि विचारायची, कळतंय का. पहिला महिना ती खरं सांगत होती. मग एकदा तिनं 'नाही' म्हटल्यावर ताईचा चेहरा असा काही झाला की पुढच्या रविवारपासून तिनं पाचही बोटांना 'हो' म्हणायला सुरुवात केली. ताई तसं सुनेला फोनवर सांगायची, पाचही आली म्हणून.

"कळतंय?"

"हो."

"हे?"

"हो."

"हे?"

"थोडं."

ताईचे हात थांबले. मग तिनं पुढचं बोट धरलं, त्यापुढे अंगठा.

"हे?"

"नाही."

ताईनं वर बघितलं. पुन्हा दाबलं, नख रुतेल असं. "आता?"

"नाही, ताई. ते कधीच कळत नव्हतं. शेजारचंही नाही."

"मग इतके दिवस हो-हो काय म्हणत होतीस गं?"

"तुला बरं वाटायचं."

ताईनं अंगठा सोडला नाही. मला तिचा हात कळत नव्हता, फक्त दिसत होता, शिरा वर आलेला, सत्तरीला टेकलेला हात, माझ्या मेलेल्या बोटाभोवती घट्ट. आणि या असल्या बोटांनी मी आज पूल उतरले, हे मला अंगभर, केसांच्या मुळापर्यंत कळत होतं. नेहमी मी पाय ओढून घेते. 'नाही' हा शब्द तोंडात अजून ताजा होता, जरा तिखट, आणि तो आणखी कशाकशाला म्हणता येईल, आणि कशाला म्हणायचा नाही, हे ती त्या खुर्चीत बसून, पाय तसाच ताईच्या हातात ठेवून, चाचपत राहिली…